बेळगाव कॅम्पातलं ख्रिस्ती पुस्तकांचं दुकान: ६६ की ७३?

बेळगावात मराठी बायबल कुठं मिळतं हा प्रश्न मला निपाणीपासून खानापूरपर्यंत आणि तिकडं चंदगड-गडहिंग्लजवरनंसुद्धा कुणी ना कुणी विचारत असतं, दरवेळी फोनवर पत्ता सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दुकान कॅम्पात आहे. नाव लिहीत नाही कारण मालक अंकलनीच बजावलंय, "नेटवर नाव-बिव घालू नको टीचर, हाईत ती गिऱ्हाईकं आवरेनात." कॅम्पात शिरून कुठल्याही चर्चच्या वॉचमनला बायबलचं दुकान विचारा, बरोबर सांगतात.

पाटीवरनं शोधायला जाल तर पुढं निघून जाल. वर मोठ्या अक्षरात कन्नड, आता पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियमच आहे, खाली इंग्रजी, आणि मराठी कुठं तर काचेच्या आतल्या बाजूनं चिकटवलेल्या कागदावर, 'मराठी पवित्र शास्त्र मिळेल'. आतल्या बाजूनं का, हे बेळगावकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

आत म्हणजे एक लांबट खोली, डाव्या हाताला कन्नड, उजव्या हाताला मराठी, मधल्या रॅकवर कोकणी, ती पण रोमी, देवनागरी आणि कन्नड अशा तीन लिप्यांत, मागच्या भिंतीला इंग्रजी आणि अगदी खालच्या खणात तमिळ, मलयाळम, तेलुगू. खालचा खण मिलिटरीवाल्यांसाठी. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच आणि कमांडो ट्रेनिंगपण इथंच, त्यामुळं देशातल्या कुठल्याही कोपऱ्यातला ख्रिस्ती माणूस कधी ना कधी या काउंटरसमोर उभा राहतोच. एसी नाही, फॅन एकच आणि तो अंकलच्या डोक्यावर.

बायबल मागितलं की अंकल पहिला प्रश्न टाकतात, "६६ की ७३?" नवीन माणूस गोंधळतो, किंमत सांगतायत असं वाटतं. तर ते पुस्तकांचे आकडे आहेत. आम्हा प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिकांच्यात ७३, म्हणजे जुन्या करारात तोबीत, यहूदीथ, मक्काबी वगैरे ७ जास्त, शिवाय एस्तेर आणि दानिएलमध्ये थोडी भर. याच्यावरनं युरोपात काय काय झालं ते इतिहासात आहे, इथं अंकल दोन्ही गठ्ठे शेजारी-शेजारी ठेवतात आणि म्हणतात, "साताचा फरक हाय, भांडण काय असेल ते घरी नेऊन करा, इथं जागा नाही." १९६८ मध्ये बायबल सोसायट्या आणि व्हॅटिकन यांच्यात मिळून भाषांतर कसं करायचं याची तत्त्वं ठरली, तेव्हापासून जगभर कितीतरी भाषांत एकच भाषांतर दोन्हीकडं चालतं, जास्तीची पुस्तकं दोन करारांच्या मध्ये वेगळा भाग करून छापायची सोय काढली. मला हे माहीत नव्हतं, अंकलकडच्या एका इंग्रजी आवृत्तीची प्रस्तावना उभ्या-उभ्या वाचली तेव्हा कळलं. (उभ्या-उभ्या वाचलेलं चालतं, ते काही म्हणत नाहीत, फक्त पान दुमडू नका.)

बायबलच्या क्वालिटीबद्दल, कारण रिव्ह्यू म्हटल्यावर ते पाहिजे. जुन्या भाषेतलं मराठी बायबल मध्यम साइझचं घेऊ नका, अक्षर बारीक आणि कागद इतका पातळ की मागचं पान दिसतं, आजीला द्यायचं असेल तर थेट मोठ्या अक्षरातलंच मागा, जड आहे पण वाचता येतं. सोप्या भाषेतलं तरुण पोरांना बरं, संडे स्कूलला मी तेच वापरते, पण स्तोत्रं मात्र जुन्यातलीच, सोप्या भाषेत स्तोत्रसंहिता २३ वाचली की डाळीत मीठ नसल्यासारखं वाटतं. झिपवालं कव्हर वेगळं मिळतं, ते घ्याच, आपल्याकडचा पाऊस माहीत आहे.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी लोकांना इथं पाठवते. काउंटरवर पेन स्टँडच्या शेजारी स्पायरल बाइंडिंगची एक वही असते, ४० रुपये. कन्नड गाणी देवनागरी लिपीत. लेखक-प्रकाशक कुणी नाही, अंकल आणि त्यांची सून यांनी टाइप केलंय, झेरॉक्स काढून बाइंडिंग केलंय, बस्स. ज्यांनी बेळगावात कधी संयुक्त प्रार्थना अटेंड केलीय त्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे. बाहेरचे लोक समजतात ख्रिस्ती एकीचा प्रश्न म्हणजे कॅथलिक-प्रोटेस्टंट. अहो तो इथं फारसा नाही, फादर आणि पाळकसाहेब मस्त गप्पा मारत बसतात, इथं खरा तिढा गाण्यांचा. पहिलं गाणं मराठी की कन्नड, शेवटचं कुठलं, आणि प्रभूची प्रार्थना माइकवर कुठल्या भाषेत. यावरनं कमिटीच्या मीटिंगमध्ये जो आवाज चढतो तो धर्मशास्त्रावरनं चढलेला मी कधी ऐकला नाही. मग व्हायचं काय, मराठी गाणं सुरू झालं की अर्धा हॉल गप्प, कन्नड सुरू झालं की उरलेला अर्धा गप्प, आणि इंग्रजी लावलं की सगळेच तोंड हलवतायत. या वहीनं निदान आमच्या बाजूची तोंडं उघडली. माझ्या सासूबाई, ज्यांना बसवरची कन्नड पाटी वाचता येत नाही, त्या चारी कडवी म्हणतात, अर्थ विचारला तर म्हणतात देवाला कळतंय की.

वहीत दोष आहेत. कन्नडात ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओचंपण तसंच, आपल्या देवनागरीत दोन्हीला एकच मात्रा, त्यामुळं कुठं ताणायचं आणि कुठं तोडायचं ते कळत नाही आणि मराठी बाजू नेहमी अर्ध्या ठोक्यानं मागं पडते. मी अंकलना म्हटलं ऱ्हस्व असेल तिथं खाली बारीक टिंब द्या, त्यांनी मान हलवली, पुढच्या प्रिंटमध्ये दिसलं नाही. पानांना नंबर आहेत पण अनुक्रमणिका गाण्याच्या कन्नड नंबरप्रमाणं, म्हणजे स्टेजवरनं कुणी मराठी पुस्तकातला नंबर सांगितला की शोधाशोध. आणि उलटी वही, म्हणजे मराठी गाणी कन्नड लिपीत, ती अजून आली नाही. कन्नड मंडळींनी मागणी केली नाही म्हणून नाही आली की केलीय पण सूनबाईंना वेळ नाही, यावर दोन मतं आहेत. मला वाटतं ती आधी यायला पाहिजे होती, मागून घेण्यापेक्षा द्यायला आपण आधी हात पुढं करावा, पण हे माझं मत.

मराठी गाण्यांचं म्हणाल तर 'उपासना संगीत' असतं बहुतेक वेळा, डिसेंबरमध्ये संपतं. त्यात नारायण वामन टिळकांची गाणी आहेत म्हणून खानापूरकडचे कॅथलिक तरुणसुद्धा घेऊन जाताना पाहिलेत. टिळकांनी १९१७ च्या सुमाराला 'देवाचा दरबार' काढला होता ज्यात बाप्तिस्मा घेतलेला-न घेतलेला असं न बघता येशूच्या मागं जाणाऱ्या सगळ्यांना बोलवलं, त्या माणसाची गाणी सगळ्या मंडळ्यांत शिरली तर नवल नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन असतो, त्याचं साहित्यपण इथंच येतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दरवर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका मिळून कार्यक्रम लिहितात, आणि त्याच दिवशी जगभरच्या बायका तोच कार्यक्रम करतात, कॅथलिक, मेथडिस्ट, ऑर्थोडॉक्स सगळ्या. १९२७ पासून जगभर चालू आहे आणि पुरुषांच्या कुठल्याही परिषदेपेक्षा जास्त नियमित आहे असं मी म्हणेन, भांडायचं तर भांडा. २०२४ चा पॅलेस्टाइनच्या बायकांनी लिहिला होता. २०२५ चा कुक आयलंड्सच्या बायकांनी. आमच्या महिला मंडळात पहिला अर्धा तास कुक आयलंड्स कुठं आलं यातच गेला, एकीनं मोबाइलवर नकाशा काढला, पॅसिफिकमध्ये निळ्यावर चार ठिपके, दुसरी म्हणाली एवढ्या लांबच्या बायकांनी लिहिलेलं आपण कशाला म्हणायचं.

तर मी जरा शोधलं आणि जे सापडलं ते महिला मंडळात सांगितल्यावर सगळ्या गप्प झाल्या. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले १८२० ला. त्याच सोसायटीचे जॉन विल्यम्स यांनी कुक आयलंड्समधल्या आइतुताकी बेटावर पापेइहा आणि आणखी एक असे दोन शिक्षक उतरवले १८२१ ला. एकाच सोसायटीचं, जवळजवळ एकाच वेळचं काम. आणि पापेइहा गोरा नव्हता, ताहितीकडचाच बेटावरचा माणूस होता, म्हणजे तिथं सुवार्ता नेणारा त्यांच्यातलाच. आपल्या बेनन स्मिथ शाळेच्या नावातले बेनन, विल्यम बेनन, तेही याच लंडन मिशनचे. म्हणजे त्या चार ठिपक्यांवरच्या बायका आणि आपण एकाच घरातनं निघालेल्या मावसबहिणी आहोत, असं म्हटल्यावर मग वाचन कोण करणार यावर भांडण लागलं, ते चांगलं भांडण.

प्रार्थना दिनाच्या पुस्तिकेचं प्रिंटिंग मात्र बेकार. मराठी प्रतीत दोन पानं उलटसुलट लागली होती, प्रतिसादाचा भाग आधी आणि वाचन नंतर. अंकलना दाखवलं तर बदलून दिली, पण तोपर्यंत निम्म्या मंडळीला वाटून झाली होती.

लग्नपत्रिका. ही सर्व्हिस ते जाहिरात न करता देतात आणि इथं त्यांचा हात धरणारा कुणी नाही. आमच्या नात्यात एक लग्न ठरलं, मुलगा कोल्हापूरचा, मुलगी बेळगावची, मुलीची आई मूळ धारवाडची. साधी गोष्ट वाटते, पण पत्रिकेवर कुणाच्या चर्चचं नाव वर, कुठला पाळक विधी करणार, मुलीचा मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला कुठून कुठं जाणार, यात तीन वेगळी चर्चेस आली. कोल्हापूरकडं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं, ते पुढं सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, गेलं. धारवाड बासेल मिशनचं, ते सीएसआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियात. आणि मधे आम्ही मेथडिस्ट, दोन्हीकडं नाही. हे असं का, हे मला लहानपणापासून कुणी नीट सांगितलं नव्हतं, अंकलनी पत्रिकेचं प्रूफ तपासता-तपासता सांगितलं.

लंडन मिशननं बेळगावचं काम १९०४ च्या सुमारास अमेरिकन मेथडिस्टांच्या हवाली केलं. लंडन मिशनचं बाकीचं दक्षिणेतलं काम पुढं १९०८ च्या साउथ इंडिया युनायटेड चर्चमध्ये गेलं, आणि तिथून २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासच्या सेंट जॉर्ज कथीड्रलमध्ये अँग्लिकन आणि ब्रिटिश मेथडिस्टांबरोबर एक होऊन सीएसआय झालं. बिशप असलेले आणि बिशप नको म्हणणारे असे दोघं एका चर्चमध्ये येणं हे तेव्हा जगात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणात होत होतं, आणि ते आपल्या देशात झालं, स्वातंत्र्य मिळून दीड महिना होत नाही तोवर. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय झालं. त्यात आमचे अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट यायचे होते, वर्षानुवर्षं बोलणी केली आणि अगदी शेवटच्या घटकेला मागं फिरले, १९८१ ला आपली वेगळी मेथडिस्ट चर्च इन इंडिया केली. म्हणजे १९०४ ला दोन परदेशी मिशनांनी आपसात जी वाटणी केली तिच्यामुळं आज बेळगावची पोरगी कोल्हापूरला जाताना दाखला काढते. अंकल म्हणाले, "साहेब लोकांनी वाटण्या केल्या, आपण पत्रिका छापायच्या." पत्रिका सुंदर झाली, एका पानावर मराठी, एका पानावर कन्नड, वचन दोन्हीकडं तेच, आणि तिन्ही चर्चची नावं एकाच साइझच्या अक्षरात. कोल्हापूरच्या मामांना आपलं नाव अर्धा पॉइंट मोठं पाहिजे होतं. अंकलनी दिलं नाही.

डिसेंबरची गर्दी हा अनुभव घ्यायचा असेल तर घ्या, पण लहान मूल बरोबर नेऊ नका. शनिवारी संध्याकाळी खानापूर बाजूच्या एक कोकणी बोलणाऱ्या काकी गोठ्यातल्या मूर्ती निवडत होत्या, प्लॅस्टरच्या, एका राजाचा हात तुटलेला म्हणून घासाघीस चालली होती. त्यांच्यामागं गोकाककडचे एक पास्टर कन्नड नव्या कराराचे गठ्ठे मोजत होते, प्रार्थनासभा चालवणारे, मूर्तीच्या नावानं बोटं मोडणारे. दुकानातला पोरगा चहाला गेलेला आणि अंकलचा एक हात फोनवर. रांग हलेना. शेवटी पास्टरांनीच वर्तमानपत्र ओढलं आणि मारियेची मूर्ती व्यवस्थित गुंडाळून, सुतळी बांधून काकींच्या पिशवीत घातली, तुटक्या हाताच्या राजाला तर दोनदा गुंडाळलं. काकी म्हणाल्या, "देव बरें करूं." पास्टर कन्नडात काहीतरी पुटपुटले आणि आपला गठ्ठा पुढं सरकवला.

मात्र सगळं एवढं गोड नाही आणि दुकानाच्या मालातच ते दिसतं. आमच्यासाठी प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीचे, छोटे पेले मिळतात, ट्रेसकट, काचेचे आणि प्लॅस्टिकचे. काचेचे घ्या, प्लॅस्टिकचे दोन-चार वेळा धुतले की पिवळे पडतात. त्याच्या वरच्या फळीवर एकाच मोठ्या प्याल्यातून घेणाऱ्यांसाठी चॅलिस. कॅथलिकांच्या होस्तिया, म्हणजे त्या विधीतल्या पातळ भाकऱ्या, अंकल ठेवत नाहीत, कॉन्व्हेंटमधनं घ्या म्हणतात. तीन प्रकारच्या वस्तू म्हणजे तीन वेगळी टेबलं. १८ ते २५ जानेवारीला ख्रिस्ती एकीसाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, १९०८ ला सुरू झाला, १९६८ पासून त्याचं साहित्य जिनिव्हाची वर्ल्ड कौन्सिल आणि व्हॅटिकन मिळून काढतात, आपण सगळे जमतो, वाचन होतं, गाणी होतात, कोणीतरी योहान १७ काढतं, 'त्या सर्वांनी एक व्हावे', मग आशीर्वाद आणि चहा-सामोसा. टेबलाशी, म्हणजे प्रभुभोजनाला, एकत्र जाणं नाही. १९९९ ला कॅथलिक आणि लुथरन यांनी तारण कृपेनं होतं यावर संयुक्त सही केली, २००६ ला जागतिक मेथडिस्टांनीपण त्याला होकार दिला, म्हणजे ज्या मुद्द्यावर सोळाव्या शतकात फुटले त्याच्या मुळावर बरंच जमलं. तरी भाकरी वेगळी. मला हे टोचतं, आणि वर्षानुवर्षं चहा-सामोशावर समाधान मानणाऱ्यांचा मला रागपण येतो, पण घाईनं 'चालतंय की सगळं' म्हणणाऱ्यांपेक्षा जो फादर सरळ सांगतो की मला देता येत नाही आणि मला त्याचं दुःख आहे, तो मला जास्त जवळचा वाटतो.

त्या आठवड्याचं साहित्य २०१३ ला भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटनं तयार केलं होतं, बायबलातल्या मीखा ६ वर, देव आपल्याकडून काय मागतो, आणि त्यात दलितांचा प्रश्न मधोमध होता. एकीची गोष्ट करता आणि चर्चमध्ये जात पाळता हे जगभरच्या मंडळ्यांना त्या वर्षी आपल्या लोकांनी वाचायला लावलं. अंकलकडं त्याची एक झेरॉक्स अजून आहे, विकत देत नाहीत, वाचायला देतात. २०२५ ला नायसीया परिषदेला (ख्रिस्ती मंडळ्यांची पहिली मोठी परिषद) १७०० वर्षं झाली म्हणून योहान ११ मधला प्रश्न होता, 'तू हे खरे मानतेस काय?', तो इटलीतल्या बोझे मठानं लिहिलेला, छान होता पण आमच्या गावाकडच्या मंडळीला जड गेला.

आता मिशनचं रॅक, आणि इथं मी स्टार कापणार. मागच्या भिंतीला सगळं इंग्रजीत, धूळ खाल्लेलं. १९१० ची एडिनबराची जागतिक मिशनरी परिषद, जिथून आधुनिक एकीची चळवळ सुरू झाली असं म्हणतात, तिच्यावर जाडजूड पुस्तक आहे, मराठीत ओळ नाही. सुमारे १२०० प्रतिनिधी आणि आशियातले वीससुद्धा नाहीत, कॅथलिक-ऑर्थोडॉक्स तर बोलावलेच नव्हते. तिथं आपले व्ही. एस. अझरया उभे राहिले आणि मिशनरींना तोंडावर सांगितलं की तुम्ही गरिबांना मालमत्ता दिलीत, शरीरं जाळायला दिलीत, आम्हाला प्रेमपण पाहिजे, आम्हाला मित्र द्या. दोन वर्षांनी हेच अझरया दोर्नकलला पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. हे मराठी पोरांना कुठं वाचायला मिळणार? १९७४ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला झालेल्या सुवार्ताप्रसाराच्या परिषदेचं तसंच. दीडशे देशांतले लोक जमले, लॅटिन अमेरिकेच्या पादिया आणि एस्कोबार यांनी ठणकावलं की अन्यायाकडं पाठ फिरवून सुवार्ता सांगता येत नाही, आणि करारनाम्यात सामाजिक जबाबदारीचं कलम आलं. त्याच चळवळीची चौथी काँग्रेस सप्टेंबर २०२४ ला कोरियात इंचॉनला झाली. हे सगळं इंग्रजी रॅकवर, तेही वरच्या, स्टुलाशिवाय हात पोचत नाही. ज्यांच्याबद्दल हा विषय आहे त्यांच्या भाषेत एक पातळ पुस्तिका काढायला काय हरकत आहे, गाण्याची वही काढली तशी?

हे मी अंकलना म्हणत होते तेव्हाच ट्रेनिंगला आलेला एक मिझो जवान मिझो बायबल विचारत आला. नव्हतं. अंकलनी नंबर लिहून घेतला, मागवून देतो म्हणाले, आणि दिलं बरं का, पुढच्या वेळी मी गेले तेव्हा काउंटरवर पाकीट तयार होतं. त्या पोराशी मोडक्या हिंदीत बोलणं झालं. त्यांच्याकडं घरातली बाई प्रत्येक जेवणाला मूठभर तांदूळ बाजूला काढते, 'बुहफाई थाम' म्हणतात, ते चर्चला जातात, विकले जातात आणि त्यातनं मिशनरी पाठवतात. शंभरएक वर्षं चालू आहे. मिझोरामला पहिले मिशनरी पोचले १८९४ ला, बेळगावच्या पाऊणशे वर्षं नंतर, आणि आज ते देशभर माणसं पाठवतात. आपल्या भागात भाऊराव पाटलांच्या रयतेत मुष्टीफंड होता, मूठभर धान्यावर शाळा उभ्या राहिल्या, म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या मंडळ्या मात्र दोनशे वर्षांनंतरही छप्पर गळतंय म्हणून बाहेर पत्र लिहितात. हे वाचून आमचे कमिटीवाले चिडतील, चिडू देत.

दाराजवळ नोटीस बोर्ड आहे. कुठल्याही मंडळीचा एकच कागद, ए फोर, त्याच्यापेक्षा मोठा नाही. कॅथलिकांच्या नोव्हेनाशेजारी (नऊ दिवसांची प्रार्थना) उपवास-प्रार्थना, त्याच्या शेजारी आमचा हार्वेस्टचा सण. एका पोस्टरवर 'खरी मंडळी फक्त हीच' अशी ओळ होती, अंकलनी तेवढ्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि पोस्टर लावलं. लावणारे तक्रार करायला आले तर म्हणाले, "पट्टी काढतो, पोस्टरसकट." पट्टी अजून आहे.

बाकी तक्रारी थोडक्यात. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाकली तर दोन निळ्या टिका येतात आणि उत्तर येत नाही, फोनच करा, तोपण अकराच्या आधी नको. एकदा आमच्या संडे स्कूलच्या मराठी पुस्तकांचा बॉक्स दुसऱ्याच मंडळीत गेला आणि आमच्याकडं त्यांचे कन्नड ट्रॅक्ट आले, बदलाबदलीला आठवडा गेला, त्या निमित्तानं त्यांच्या टीचरची ओळख झाली हा भाग वेगळा. दुपारी दीड ते चार बंद, बेळगावात हे गृहीतच धरायचं. रविवारी बंद, म्हणजे ज्या एका दिवशी खेड्यापाड्यातले सगळे ख्रिस्ती कॅम्पात येतात नेमका तो दिवस, पण याबद्दल बोलून उपयोग नाही, अंकल स्वतः चर्चला जातात. कुठल्या, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही आणि ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी छातीठोकपणे आपल्याच मंडळीचे म्हणून सांगितलं.

गाडी बोळात घालू नका, टू-व्हीलर चालते. यूपीआय चालतं, पण ४० रुपयांच्या वहीला सुट्टे दिले तर अंकल खूश असतात. पाचपैकी चार स्टार. मिशनच्या रॅकवरची धूळ पुसली आणि मराठी पुस्तिका आली तर साडेचार. उलटी वही, म्हणजे कन्नड लिपीतली मराठी गाणी, ईस्टरपर्यंत येईल म्हणालेत, कुठल्या वर्षीच्या ईस्टरपर्यंत ते सूनबाईंना विचारावं लागेल.